तेलातला प्रोजेक्टर आणि उतारवय

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या ९६ मिनिटांच्या माहितीपटाचा २०१६ साली कान महोत्सवात गौरव झाला. राष्ट्रीय पुरस्कारांतही परीक्षकांच्या विशेष पुरस्काराने त्याची दखल घेतली गेली. तरी आपल्याच जत्रांत चित्रित झालेल्या या माहितीपटावर मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. जे वाचले, ते तंबू सिनेमाच्या अस्ताविषयी. मला तो उतारवयाचा माहितीपट वाटतो.

आपल्याकडे रंगभूमीवर म्हातारपण आले की बहुधा मुलांची झाडाझडती सुरू होते. ‘नटसम्राट’ (१९७०) आठवावे. इथे कोणी कृतघ्न मुलगा नाही. प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात चाळीसहून अधिक वर्षे घालवलेले प्रकाश आहेत. त्यांनी स्वतःच्या डोक्याने तेलात चालणारा प्रोजेक्टर बनवला आहे. तो समजावून सांगताना ते एखाद्या तरुण वधुपित्यासारखे खुलतात. पण सिनेमा डिजिटल झाला आहे आणि यंत्राला गिऱ्हाईक नाही. हात शाबूत आहेत, त्यांना काम सांगणारे उरलेले नाही. दिग्दर्शक यावर काही बोलत नाहीत, पार्श्वसंगीताने रडवतही नाहीत. चित्रीकरण पाच वर्षे चालले, त्या सबुरीचा हा गुण असावा.

मोहम्मद यांचा जुना प्रोजेक्टर भंगारात जातो, तिथे मी माहितीपट थांबवला. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. डोंबिवली-ठाणे लोकलने जन्मभर ये-जा केली. निवृत्तीनंतर आमच्या दोन खोल्यांत शेजाऱ्यांचे मिक्सर उघडून बसत. पसाऱ्याला कंटाळून एकदा मी त्यांचा पान्यांचा डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर कोणाचा मिक्सरही घरात आला नाही. ‘आता आराम करतात’ असे मी लोकांना सांगत असे.

एक उणीव मात्र नोंदवायला हवी. माहितीपटातली तिन्ही प्रमुख माणसे पुरुष आहेत. काम सुटल्यावर येणारे म्हातारपण तो नेमके पकडतो; काम न सुटणारे म्हातारपण त्याच्या चौकटीबाहेर राहते. वडील खिडकीशी नुसते बसून असत, तेव्हा त्यांच्याएवढीच थकलेली आई आत विळीवर भाजी चिरत असे.