एकाकी ढग आणि एक गुण

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेची एक ओळ छापलेली असते आणि तिच्यातील अलंकार ओळखण्यास सांगितलेले असते. उत्तर एका शब्दाचे : सिमिली, मेटॅफर, पर्सोनिफिकेशन, रिपिटिशन. दहावीला रसग्रहणाचा म्हणून एक प्रश्न असतो, त्यातही मुद्दे आधीच ठरलेले : शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. गाइडांनी या रकान्यांत भरायची वाक्ये तयार करून ठेवली आहेत आणि मुले ती निमूटपणे भरतात. रसाचे ग्रहण कोणी करायचे, हा प्रश्न मात्र त्या कागदावर कुठेच नसतो.

मुलाच्या हाती एक खूण दिली जाते. ओळीत ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसले की सिमिली. मग ‘आजारी असल्यामुळे तो आला नाही’ अशा अर्थाच्या वाक्यात ‘अ‍ॅज’ आले तरी पोरगा खाली सिमिली लिहून मोकळा होतो. ‘मला आंबा आवडतो’ यातल्या ‘लाइक’लाही सिमिली ठरवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. जी खूण दिली ती त्यांनी इमानाने वापरली. दोन वस्तू शेजारीशेजारी ठेवल्या म्हणजे काय घडते, हे त्यांना कोणी दाखवलेच नव्हते.

अलंकारांच्या नावांशी माझे वैर नाही. कुसळी कोणती, मारवेल कोणते आणि पवन्या कोणता हे ज्याला ठाऊक असते, त्याला कुरणात इतरांपेक्षा अधिक दिसते. पण नाव कळले की पाहणे संपले, अशी जी समजूत शाळेत रुजली आहे, तिच्याविषयी मला बोलायचे आहे.

वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सची कविता घ्या. आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांनी ती पाठ केली आहे. तिच्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, आमच्या मुलांनी डॅफोडिल पाहिलेले नाही, तेव्हा ही कविता त्यांना कशाला? मला हा आक्षेप लटका वाटतो. फूल पाहिलेले नसेल तर मोबाइलवर चित्र दाखवता येते, आणि एका मिनिटात तो प्रश्न मिटतो. खरी अडचण त्या फुलात नसून पहिल्याच ओळीतल्या ढगात आहे. ढग सर्वांनी पाहिलेला असतो, म्हणून मास्तर तिथे थांबत नाहीत. ‘कवीने स्वतःची तुलना ढगाशी केली आहे, म्हणून सिमिली,’ एवढे सांगून ते फुलांकडे वळतात. आणि विद्यार्थी मनात स्वतःचा ढग घेऊन पुढे जातो.

आपला ढग एकाकी नसतो. आषाढात तो कळपाने येतो, गुरे रानातून परतावीत तसा. त्याची वाट पाहिलेली असते, तो आला की माणसे दारात उभी राहतात. कालिदासाच्या यक्षाला भेटलेला मेघ एकटा होता, परंतु एकाकी नव्हता. त्याला काम होते, वाटेत नद्या आणि नगरे होती, बरोबर वीज होती. असा ढग डोळ्यांपुढे असलेल्या मुलाला ‘ढगासारखा एकाकी’ हे शब्द निव्वळ विसंगत वाटायला हवेत. ते त्याला तसे वाटत नाहीत, याचे कारण त्याने ते शब्द वाचलेलेच नसतात, फक्त ‘अ‍ॅज’ शोधलेला असतो.

वर्गात मी एकदा विचारले, तुमच्या गावावर ढग एकटा कधी दिसतो? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून उत्तर आले : ‘दिवाळीच्या सुमाराला, सर. पांढरा असतो. पाऊस देऊन झालेला असतो, त्याला कुठं जायचं नसतं.’ ही उपमा इतक्या नेमकेपणाने उलगडलेली मी कोणत्या टीपाग्रंथात वाचलेली नाही. वर्ड्‌स्वर्थचा ढगही तसाच हलका आहे, दऱ्याडोंगरांवरून उगाच तरंगणारा, कशाशी देणेघेणे नसलेला. तो उंचावर असल्यामुळे त्याला खाली एकदम गर्दी दिसू शकते, आणि पुढे फुलांची गर्दीच येते. एकटेपणाची ती उपमा त्या गर्दीसाठी जागा करून ठेवते.

यात आणखी एक मौज आहे. कवी त्या दिवशी एकटा नव्हताच. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठाने तो बहीण डॉरथीबरोबर चालला होता, आणि तिने आपल्या रोजनिशीत ती फुले टिपून ठेवली आहेत. काही दगडांवर माना टेकून दमल्यासारखी पडलेली, बाकीची वाऱ्याबरोबर नाचणारी, हसणारी. ज्याला आपण परीक्षेत पर्सोनिफिकेशन म्हणतो ते तिथे आधीच, साध्या गद्यात, हजर आहे. कविता दोन वर्षांनी रचली गेली आणि १८०७ साली छापली गेली. तिच्यातल्या दोन ओळी पत्नी मेरीने सुचवल्या, हेही कवीनेच सांगून ठेवले आहे. म्हणजे एका घरातील तिघांनी मिळून केलेल्या या कवितेत बहिणीला पुसून टाकून कवी एकाकी झाला. का झाला, ते शेवटच्या कडव्यात कळते. तिथे तो कोचावर पडलेला आहे, पुन्हा एकटाच, पण आता त्या एकटेपणाला तो सुख म्हणतो. मराठीत या दोन अवस्थांना दोन वेगळे शब्द आहेत. कविता एकाकीपणात सुरू होते आणि एकांतात संपते. हे मराठी माध्यमाच्या मुलाला त्याच्याच भाषेतून किती सहज सांगता येते! आणि आपण त्याला मराठीचा शब्द तोंडातून काढू नकोस म्हणतो.

तात्पर्य असे की, अनोळखी वस्तूपाशी वाचक फारसा फसत नाही, ओळखीच्या वस्तूपाशी फसतो. शेक्सपिअरचे अठरावे सुनीत याचा दुसरा दाखला. १६०९ साली छापलेल्या त्या सुनीतात कवी विचारतो की, तुला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा द्यावी काय? ज्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथल्या पोरीला कोणी अशी उपमा दिली तर ती चप्पल काढील. यावर शिक्षक सांगतात की, त्यांच्याकडे उन्हाळा सुखद असतो. ते बरोबरच आहे. इंग्रजीत स्वागत उबदार असते आणि नजर थंड, आपल्याकडे मात्र मुलगा परत आला की आईचे डोळे निवतात, काळीज गार होते. (ऊब आपल्याकडेही आहे, नाही असे नाही. पण ती गोधडीची, पौषातली.)

पण एवढ्यावर थांबले की मुख्य गोष्ट हातची जाते. शेक्सपिअर ती उपमा देतच नाही. तो ती पुढे ठेवतो, तपासतो आणि नापसंत करतो. उन्हाळ्यात वारा कळ्यांना झोडपतो, सूर्य कधी फार तापतो, कधी झाकोळतो, आणि ऋतूची मुदत तर अगदीच थोडी. प्रिय व्यक्ती या सर्वांहून सरस. उपमा कशी अपुरी पडते याचाच हिशेब त्या कवितेत आहे. तिच्याखाली सिमिली किंवा मेटॅफर लिहिणे म्हणजे रद्द झालेल्या दस्तावर शिक्का मारण्यासारखे आहे. उपमेयाला उपमानाहून श्रेष्ठ ठरवण्याला आपल्या शास्त्रात व्यतिरेक म्हणतात आणि मराठी व्याकरणाच्या पुस्तकात तो सापडतो. मराठीच्या तासाला मूल जे शिकते ते इंग्रजीच्या तासाला उपयोगी पडेल, असे दोन्ही तासांच्या मास्तरांच्या मनात येत नाही.

जिथे येते तिथे गोंधळच अधिक होतो. उपमा म्हणजे सिमिली आणि रूपक म्हणजे मेटॅफर, अशी जोड लावून दिली जाते. पहिली जोड बऱ्यापैकी टिकते, दुसरी नाही. आपल्या रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही डोळ्यांपुढे असतात. ‘तिचे मुख हेच कमळ’ हे रूपक. मुखाचे नावच न घेता नुसते ‘कमळ’ म्हटले, तर मम्मट त्याला अतिशयोक्तीच्या घरात नेऊन बसवतो. इंग्रजीला हे दोन्ही मेटॅफरच, आणि रोजच्या बोलण्यात झिजून गेलेली रूपकेही त्यांच्या हिशेबी मेटॅफरच. ती आपल्याकडे लक्षणेच्या प्रांतात जातील. दोन भाषांनी एकच रान दोन निरनिराळ्या बांधांनी वाटून घेतले आहे. बांध कुठे सरकतो ते दाखवले तर दोन्ही रानांची ओळख होईल.

मुलांपाशी हा माल भरपूर आहे. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी ज्वारी पोटरीला आली म्हणते, कणसात दूध भरले म्हणते. डोंगराला पायथा असतो, माथा असतो, सोंडही असते. इंग्रजाला सुईच्या भोकात डोळा दिसला, आपल्याला नेढे दिसले, आणि तेच नेढे आपण उचलून राजगडाच्या आणि रतनगडाच्या कड्यात नेऊन बसवले. तो कडा पाहून ज्याला प्रथम सुई आठवली, त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, पण वर्ड्‌स्वर्थने केले तेच त्याने केले. बहिणाबाई चौधरी शाळेत कधी गेल्या नव्हत्या. त्यांना मन म्हटल्यावर उभ्या पिकात शिरणारे मोकाट गुरू दिसले. रूपकाची हातोटी दुसऱ्याकडून शिकता येत नाही, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगून गेला. नवे रूपक घडवण्यापुरते ते खरे असेल. परंतु तयार रूपक उलगडून पाहणे शिकवता येते. आय. ए. रिचर्ड्‌सने १९३६ साली रूपकाचे टेनर आणि व्हेइकल असे दोन भाग पाडले, तेव्हा साम्याइतकाच दोहोंतला भेदही काम करतो, हे त्याने बजावले होते. मनाचे गुरू झाले तरी मनाला शिंगे फुटत नाहीत. काय घेतले आणि काय टाकले, हा प्रश्न आठवीतल्या मुलालाही समजतो.

कोणी म्हणेल, ६० मुलांचा वर्ग, ३५ मिनिटांचा तास, डोक्यावर परीक्षा, यात हे लाड कोणी करायचे? अडचण खरी आहे. परंतु रकान्यांतला माल नीट वापरला तर वेगळा वेळ फारसा लागत नाही. रॉबर्ट फ्रॉस्टची बर्फ पडणाऱ्या रानापाशी थांबलेल्या घोडेस्वाराची कविता पाहा. (पंडित नेहरूंच्या टेबलावर १९६४ साली तिच्याच ओळी होत्या. आणि फ्रॉस्टने ती १९२२च्या जूनमध्ये लिहिली, म्हणजे बर्फ त्याच्याही खिडकीबाहेर नव्हते.) यमकरचनेचा रकाना मुलांकडून भरून घ्यावा : अ अ ब अ. दुसरे कडवे ब ब क ब. तिसरे क क ड क. प्रत्येक कडव्यात एक ओळ सुटी राहते आणि पुढचे कडवे तिला उचलून घेते, त्यामुळे कविता पुढे ओढली जाते, थांबू म्हणता थांबता येत नाही. मग चौथ्या कडव्यात काय करायचे? सुटी ओळ ठेवली तर पाचवे कडवे लिहावे लागेल. फ्रॉस्टने चारही ओळी ड वर आणल्या आणि शेवटची ओळ दोनदा लिहिली.

इथे मी एखाद्या मुलीला उभी करतो आणि ते कडवे मोठ्याने वाचायला सांगतो. मी काही न सांगता ती दुसऱ्या वेळी तीच ओळ हळू वाचते. का, असे विचारले की वर्गातून दोनतीन तऱ्हेची उत्तरे येतात. कोणी म्हणते घर लांब आहे, कोणी म्हणते त्याला झोप येते आहे. एक मुलगा म्हणाला की, पहिल्यांदा तो घोड्याला सांगतो, दुसऱ्यांदा स्वतःला. यातले कोणते लिहायचे, असे मुले मग विचारतात. मी सांगतो, रकान्यात रिपिटिशन लिहा, त्याला एक गुण आहे.