लहान संकेतस्थळ मोठ्याकडची माणसं कशी ओढतं? माझ्या चुकलेल्या प्रकरणाची गोष्ट

मागच्या सत्रात मार्गदर्शकांनी माझ्या तिसऱ्या प्रकरणावर पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला: 'जे गेले नाहीत, ते कुठे आहेत?' आठ महिन्यांचं काम बाजूला पडलं. वाईट वाटलं, पण प्रश्न बरोबर होता. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर ही चूक आधीच बघून ठेवा.

माझं गृहीतक सोपं होतं: नव्या संकेतस्थळावर सोयी जास्त असल्या की लोक जुनं सोडून तिकडे येतात. उदाहरण मराठीतलंच घेतलं होतं. मायबोली १९९६ पासून आहे. २००४ मध्ये मनोगत आलं, २००७ मध्ये उपक्रम आणि मिसळपाव, २०११ मध्ये ऐसी अक्षरे. प्रत्येक नव्या स्थळाला काही सदस्य आधीच्या स्थळांवरून मिळाले.

पण मनोगत, उपक्रम आणि मिसळपाव ही तिन्ही ड्रुपल या एकाच सॉफ्टवेअरवर उभी होती. म्हणजे सोयी साधारण सारख्याच. फरक होता तो वागण्याच्या रीतीत. मनोगतावर शुद्धलेखनाचा आग्रह, उपक्रमावर माहितीची देवाणघेवाण, मिसळपाववर कट्ट्यावरच्या मोकळ्या गप्पा. माझं गृहीतक इथेच कोसळलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. कॅट्झ आणि शपिरो यांनी १९८५ मध्ये मांडलेला मुद्दा असा, की जाळं जितकं मोठं तितका प्रत्येक सदस्याचा फायदा जास्त. यावरून 'मोठ्यापुढे लहानाचा निभाव लागत नाही' असा निष्कर्ष आपण पटकन काढतो. पण लिहिणाऱ्याला लाखभर लोक लागतातच असं नाही. आपल्या जातकुळीचं वाचणारे पन्नास जण रोज भेटले तरी त्याचं भागतं.

हर्शमन यांचं १९७० चं पुस्तक सांगतं की नाराज माणूस एकतर बोलतो, नाहीतर निघून जातो. चौकट उपयोगी आहे, पण इथे अपुरी पडते. कारण बरेच लोक निघून गेलेच नाहीत. तोच लेख दोन ठिकाणी टाकला, दोन्हीकडचे प्रतिसाद वाचले. मी मात्र नवीन खातं दिसलं की 'स्थलांतर' अशी नोंद केली होती! प्रत्यक्षात लहान स्थळाला कुणाचं घर सोडवायचं नसतं. दुसरं घर स्वस्तात देता आलं तरी पुरतं.

आता आमच्या जालन्याचंच बघा. २०१८ मध्ये इथे रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. कोषातून पतंग बाहेर पडला की धागा तुटतो, म्हणून लांबचा प्रवास म्हणजे खर्चही आणि धास्तीही. जवळचा बाजार या दुखण्यावर नेमकं बोट ठेवतो. पण नुसते शेतकरी येऊन चालत नाही, खरेदीदारही हजर लागतात. लिखाणाच्या स्थळाचंही तसंच: लेखक आणायचे तर वाचक आधी, वाचक आणायचे तर लेखक आधी. हा पेच कुणी कसा सोडवला, ते माझ्या प्रकरणात कुठेच नव्हतं.

उलट बाजूचं उदाहरण 'कू'चं. २०२० मध्ये सुरू झालं, मराठीही होतं. २०२१ च्या सुरुवातीला सरकार आणि ट्विटर यांच्यात वाद पेटला आणि मंत्र्यांपासून अनेकांनी तिथे खाती उघडली. जुलै २०२४ मध्ये ते बंद पडलं. भागीदारीची बोलणी फिसकटली आणि खर्च झेपेना, असं संस्थापकांनी सांगितलं. एका कारणावर खापर फोडू नये, तरी एवढं दिसतं की प्रतिस्पर्ध्यावरचा राग माणसाला दारापर्यंत आणतो. आत बसवायला रोजच्या गप्पा लागतात.

तर प्रस्ताव लिहिताना तीन गोष्टी तपासा. एक, नुसती टिकलेली स्थळं निवडली नाहीत ना? दोन, खातं उघडणं आणि रोज येणं वेगळं मोजलंय ना? तीन, जे जुन्याच जागी राहिले त्यांना विचारलंय ना?

तिसरा प्रश्न मी विचारलाच नव्हता. आता नव्या मुलाखती सुरू करतोय, आणि या वेळी सुरुवात न गेलेल्यांपासून.