तळची ओळ

कुळगावच्या माझ्या बैठकीत एक जुने व्यंगचित्र टांगलेले आहे. १८५४ साली ‘पारशी पंच’ म्हणून मुंबईत निघालेल्या नि पुढे ‘हिंदी पंच’ झालेल्या पत्रातले. घरातली चौकट लहान पडली, म्हणून तळची ओळ आणि तारीख मीच कापवली. परवा एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, हा कोण? ह्याला हसायचे कशाला?” इतिहासाच्या मास्तराला उत्तर देता आले नाही.

आपल्या भिंतींची सवय निराळी. १८९४ साली निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी घरोघर गेली; तिला तारीख लागत नाही. व्यंगचित्राचा जीव मात्र तारखेतच. लंडनच्या जेम्स गिलरेने १७९१ च्या डिसेंबरात श्रीरंगपट्टणहून माघारी फिरलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसची यथेच्छ टवाळी केली. काही महिन्यांतच, १७९२ च्या तहात, टिपूला निम्मे राज्य गमवावे लागले. मग चित्रातला विजयी टिपू खोटा काय? नव्हे, त्या डिसेंबरातले हसू खरे होते. तारीख पुसली की टिपूही जातो, हसूही जाते. उरते ते शोभेचे चित्र.

रेषेवर लुब्ध होणाऱ्या रसिकांशी माझे भांडण नाही. गिलरेची रेषा आजही अंगावर धावून येते. पण उपहास हा कुणावर तरी उगारलेला हात असतो. समोरचा माणूसच दिसेनासा झाला, तर तो नुसता हवेत राहतो. म्हणून चौकट करणाऱ्याला एवढेच सांगावे : लाकूड थोडे जास्त लागू द्या, तळची ओळ राखा.