चिकूच्या बागेतील मातीचे तापमान : मापन आणि अन्वयार्थ

घोलवड परिसरात १८९८ च्या सुमारास सुरू झालेली चिकूची लागवड आज पालघर जिल्ह्याची ओळख बनली आहे. या पिकाच्या हवामानविषयक विवेचनात मात्र हवेचे तापमान, आर्द्रता आणि पर्जन्यमान यांवरच भर दिसतो. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेतील चिकूचे निकषही आर्द्रता व पावसाचेच आहेत. फळगळ समजण्यास ते उपयुक्त असले, तरी मुळांच्या परिस्थितीविषयी त्यांतून काहीच कळत नाही.

मातीच्या तापमानाचा उल्लेख येतो तेथेही तो बहुधा एका सरासरी आकड्याने केला जातो. ही पद्धत सदोष आहे. मातीत उष्णता सावकाश झिरपते. पृष्ठभागाचे तापमान दुपारी सर्वाधिक असते, तर ३० सें.मी. खोलीवर हीच कमाल पातळी रात्री येते आणि दैनिक चढउतार अत्यल्प उरतो. म्हणजेच खोली व वेळ यांचा निर्देश नसलेला आकडा तुलनेस निरुपयोगी ठरतो. जागतिक हवामान संघटनेने ५, १०, २०, ५० आणि १०० सें.मी. या प्रमाण खोली ठरविल्या आहेत, त्या याच कारणास्तव.

दुसरी त्रुटी स्थाननिवडीची आहे. वेधशाळेतील नोंद मोकळ्या जमिनीवरची असते. बागेत मात्र दाट पर्णसंभाराखालची माती, दोन ओळींमधील उघडी माती आणि ठिबकने भिजलेले आळे यांचे तापमान परस्परांहून भिन्न असते. पाण्याची उष्णताधारकता समान घनफळाच्या कोरड्या मातीच्या सुमारे तिप्पट असल्याने ओली माती सावकाश तापते. चिंचणी-तारापूर किनाऱ्यालगतची रेताड जमीन आणि बोईसर-पालघरच्या पूर्वेकडील भारी जमीन यांनाही एकच अनुमान लागू करता येत नाही.

या भेदांना व्यावहारिक महत्त्व आहे. उन्हाळ्यात आच्छादन किती जाडीचे असावे, पाणी केव्हा द्यावे आणि कोवळ्या कलमांना सावली कोठवर हवी, हे निर्णय मुळांजवळील तापमानाशी निगडित आहेत. त्यामुळे पर्णसंभाराखाली व उघड्या जागी, किमान तीन खोलींवर, सकाळी व दुपारी, सर्व ऋतूंत नोंदी घेणे आवश्यक ठरते. अशा नोंदींवाचून केलेल्या शिफारशींना बागेचा आधार आहे, असे म्हणता येणार नाही.