'गोलपिठा' आणि घरातली साक्ष

इथून जवळच जांब समर्थ, रामदासांचं जन्मगाव. संतांच्या या मुलखात माणसाचा शब्द आणि त्याचं वागणं वेगळं काढायची सवय नाही. त्यामुळे आजचा प्रश्न इथं जरा जास्तच टोचतो.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. दलित पँथरही त्याच वर्षीची. मराठी कवितेनं जिच्याकडे पाठ फिरवली होती ती वस्ती तिच्याच बोलीत कवितेत शिरली. तिचं मोठेपण आम्ही तेव्हाही मानलं, आजही मानतो. पुढे १९८४ मध्ये मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. ढसाळांच्या पत्नी, शाहीर अमर शेखांच्या कन्या आणि स्वतः कवयित्री. संसारातली मारहाण, अवहेलना, नवऱ्याकडून लागलेला गुप्तरोग, सगळं त्यांनी लिहिलं.

आम्ही सौंदर्यशास्त्र शिकवताना 'गोलपिठा'चं उदाहरण वर्षानुवर्षं देत आलो. मल्लिकाताईंचं पुस्तक घरच्या कपाटातच राहिलं. एकदा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, वस्तीतली बाई दिसते, मग घरातली का नाही दिसत?" आम्ही ठरलेलं उत्तर दिलं: कलाकृती स्वायत्त असते. ती खाली बसली. पटलं म्हणून नव्हे.

ते उत्तर भूमितीला चालतं. सिद्धांत मांडणारा कसा वागला, यानं त्रिकोणाचे कोन बदलत नाहीत. पण माणसानं अस्सल कसं जगावं हे सांगणारा हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षात जातो, तिथं ते अडखळतं. ढसाळांची कविता तर उघड बाजू घेते, कामाठीपुऱ्यातल्या बाईची. तिनं दिलेली नजर घेऊनच आपण मल्लिकाताईंची पानं वाचतो. मग ही साक्ष कवितेबाहेरची कशी म्हणायची?

आणि हो, काही जण हे पुस्तक फक्त दलित चळवळीला झोडपायला हातात घेतात. त्यांना मल्लिकाताईंच्या 'वाळूचा प्रियकर'बद्दल विचारून बघा, गप्प होतात.

कविता चांगली आहे का, आणि कवीला हार घालावा का, हे दोन प्रश्न आपण एकच करून टाकतो. ढसाळांना १९९९ मध्ये पद्मश्री मिळाली. कविता वाचकाची होते, सत्कार मात्र माणसाचा होतो. 'गोलपिठा' अभ्यासक्रमातून काढा, असं आम्ही म्हणणार नाही. शेजारी दुसरं पुस्तक ठेवा, एवढंच म्हणतो. त्या विद्यार्थिनीला हे तेव्हाच सांगायला हवं होतं.