जुन्या विटेचे नवे काम

पाडलेल्या इमारतीचे साहित्य नव्या वास्तूत वापरलेले दिसले की ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. या शेऱ्यात काटकसरीचे कौतुक असते. कलेचे मूल्यमापन नसते. जुन्या विटेला नव्या भिंतीत काही काम उरले आहे काय, हा आमच्या मते खरा प्रश्न होय.

या दृष्टीने दोन कृती शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. चंडीगड वसविण्यासाठी अनेक खेडी उठविण्यात आली. फाळणीत स्वतःचे गाव गमावलेले रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास त्या खेड्यांच्या ढिगाऱ्यांतून आणि शहराच्या कचऱ्यातून तुकडे वेचण्यास आरंभ केला व राखीव वनभूमीवर गुपचूप एक सृष्टी रचली. १९७६ मध्ये ती ‘रॉक गार्डन’ या नावाने लोकांस खुली झाली. येथे फुटक्या बांगड्या पुतळ्यांचे वस्त्र होतात. ल कॉर्ब्युझिए यांच्या रेखीव नगराने जे टाकले, ते त्या नगराच्याच उशाशी माणसांच्या व प्राण्यांच्या रूपाने उभे आहे.

चीनमधील निंगबो येथे वांग शू यांनी २००८ मध्ये इतिहास-संग्रहालय उभारले. त्याच्या भिंती परिसरातील पाडलेल्या खेड्यांच्या विटाकौलांनी मढविल्या आहेत. वादळाने पडलेल्या घरांचे तुकडे थरांवर थर रचून भिंत घालण्याची ‘वापान’ ही तेथील गवंड्यांची जुनी रीत. कोणी म्हणेल, भार तर आतले काँक्रीट वाहते; मग कौले हा केवळ पेहरावच नव्हे काय? आक्षेप निराधार नाही. तथापि, कौलांबरोबर लोपत चाललेली गवंडीविद्याही पुन्हा कामास लागली, आणि ते काम भार वाहण्याइतकेच मोलाचे आहे, असे आम्ही मानतो.

मात्र दोन्ही ठिकाणची खेडी परत आली नाहीत. सुंदर भिंत हे पाडापाडीचे समर्थन होऊ शकत नाही, हे वांग शू यांना २०१२ मध्ये मिळालेल्या प्रित्झकर पारितोषिकाचे कौतुक करतानाही ध्यानी ठेवले पाहिजे.

आपल्याकडे पाडलेल्या वाड्यांचे कोरीव खांब उपाहारगृहांत शोभेसाठी मांडलेले आढळतात. एके काळी तुळई पेलणारा खांब तेथे छतालाही टेकत नाही. त्याच्या गावाचा, सुताराचा मागमूस नसतो. यास आम्ही पुनरुपयोग म्हणणार नाही. आपल्या भाषेत ‘जीर्णोद्धार’ हा अर्थपूर्ण शब्द आहे. त्यात उद्धार व्हावयाचा तो जीर्णाचा, याचे भान नव्या वास्तुकारांनी राखावे.