दार उघडले, पण आत काय होते?

विज्ञानदिनी मुलुंडच्या एका शाळेत आम्ही कमला सोहोनींवरची नाटिका पाहिली. 1933 साल, बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, मुलगी म्हणून प्रवेश नाकारणारे रामन आणि हट्टाने आत शिरणाऱ्या कमला भागवत. (रामन यांच्या शोधाच्या दिवशीच हे दाखवले, याचे आम्हाला कौतुक वाटले.) मग केंब्रिज, 1939 ची पीएच.डी. आणि पडदा. शेजारच्या नववीतल्या मुलीने विचारले, "पण त्यांनी शोधलं काय?"

निवेदनात एकच वाक्य होते : त्यांनी सायटोक्रोम सी या विकराचा शोध लावला. अनेक लेखांतही हेच वाक्य आढळते आणि ते दोन ठिकाणी चुकते. सायटोक्रोम सी हे विकर नव्हे. ते लोह असलेले एक लहान प्रथिन आहे. पेशीच्या तंतुकणिकेत ते इलेक्ट्रॉनची ने-आण करते आणि तो सायटोक्रोम ऑक्सिडेझ या विकराच्या हवाली करते. तिथे ऑक्सिजनपासून पाणी बनते. शिवाय केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी 1925 मध्ये सायटोक्रोमचे वर्णन केले होते, आणि त्यात प्राणी व यीस्टबरोबर वनस्पतीही होत्या.

मग कमलाबाईंचे काय? कापलेला बटाटा काळा पडतो. ते घडवणारे विकरही ऑक्सिजन वापरते. अशा गर्दीत वनस्पतीच्या श्वसनाचा शेवटचा टप्पा कोण पार पाडते, हा खरा वाद होता. हिल आणि भागवत यांचे सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेझवरचे टिपण 1939 मध्ये 'नेचर'मध्ये आले. प्राण्यांतले ते विकर झाडांतही काम करते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे ऊर्जा मिळवण्याची ही शेवटची पायरी वालाच्या रोपाची आणि आपली एकच.

नाटिकेतून नेमके हेच गळाले. प्रवेशाची कथा सांगायलाच हवी. त्या अन्यायावर पांघरूण घालावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण कमलाबाईंचे मोठेपण दार उघडण्यातच संपवले, तर प्रयोगशाळेतली वर्षे वाया जातात. 1947 नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधकांवर काम केले. हे पदार्थ पोटातल्या ट्रिप्सिनला अडवतात आणि प्रथिने नीट पचत नाहीत. शिजवले की बहुतांशी निकामी होतात. आपण उसळ शिजवून का खातो, याचे हे एक कारण. नीरेवरचे त्यांचे काम आणि गोरेगावच्या आरे दूध योजनेला दिलेला सल्ला, यांचा तर उल्लेखही नव्हता. आरे कॉलनी मुलुंडहून किती लांब आहे?

आमचे विद्यार्थी अजूनही उत्तरपत्रिकेत लिहितात की वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड 'श्वासात' घेतात आणि रात्रीच आपल्यासारखे श्वसन करतात. पुढच्या विज्ञानदिनी पडदा पडण्यापूर्वी रंगमंचावर मोड आलेल्या मटकीची बंद बरणी ठेवावी आणि तिच्यात चुन्याच्या निवळीची एक उघडी वाटी. नाटिका संपेपर्यंत निवळीवर पांढरी साय धरू लागते का, ते त्या नववीतल्या मुलीलाच पाहायला सांगावे.